केतेवान राणीच्या अस्थी : जुन्या गोव्याने काय दिलं, काय ठेवलं

जुलै २०२१ मध्ये भारताचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर जॉर्जियाच्या दौऱ्यावर गेले. तिबिलिसीत त्यांनी एका राणीच्या अस्थींचा एक भाग त्या देशाच्या स्वाधीन केला. राणीचं नाव केतेवान. तिला मारलं इराणात, १६२४ मध्ये. अस्थी सापडल्या आमच्याकडे, जुन्या गोव्यात.

परदेशी संग्रहालयांनी दुसऱ्यांच्या वस्तू परत कराव्यात की नाही, हा वाद आपण मराठी माणसं नेहमी मागणाऱ्याच्या बाजूने घालतो. जगदंबा तलवार, कोहिनूर, वाघनखं. आमचं तुम्ही नेलंत, आता द्या. या प्रकरणात आपण पलीकडच्या बाजूला होतो. वस्तू आपल्या ताब्यात, कुलूप आपल्या कायद्याचं, आणि दारात उभा असलेला देश एवढा लहान की त्याची सगळी लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत. मागताना जे मुद्दे आपण तावातावाने मांडतो ते देताना आपल्याच गळी उतरतात का, ते इथे बघता येतं. मी फोंडा तालुक्यात अकरावी-बारावीला इतिहास शिकवते आणि दरवर्षी हे एक प्रकरण वर्गात सावकाश, चार तासिका घेऊन उलगडते.

राणी

केतेवान ही पूर्व जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी. नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिने मुलासाठी, तेइमुराझसाठी, राज्य सांभाळलं. इराणच्या शाह अब्बासचं संकट राज्यावर आलं तेव्हा बोलणी करायला ती स्वतः गेली आणि ओलीस म्हणून अडकली. सुमारे दहा वर्षं ती शिराझमध्ये कैदेत होती. शेवटी धर्म बदल, नाहीतर मर, अशी अट तिच्यापुढे आली. ती बधली नाही. सप्टेंबर १६२४ मध्ये तापवलेल्या सांडशींनी तिचे हाल करून तिला मारण्यात आलं. जॉर्जियन ऑर्थोडॉक्स चर्च तिला संत मानतं.

त्या काळात शिराझमध्ये ऑगस्टिनियन या कॅथलिक पंथाचे पोर्तुगीज पाद्री राहत होते. त्यांनी तिचे अवशेष मिळवले आणि जपले. काही अवशेष १६२८ मध्ये तिच्या मुलापर्यंत पोचले आणि अलावेर्दीच्या कॅथेड्रलमध्ये ठेवले गेले. त्याआधी, १६२७ मध्ये, काही अवशेष जहाजाने गोव्याला आले, कारण या पंथाचा मोठा मठ इथे होता. पाद्री तिला आपल्या पंथाची साक्षीदार मानत होते. लिस्बनच्या ग्रासा मठात आझुलेजू, म्हणजे रंगवलेल्या चकचकीत पोर्तुगीज, फरशांवर तिच्या छळाचा प्रसंग रंगवलेला आहे.

याचा अर्थ असा की ही वस्तू लुटीची नव्हती. कुणी तोफा लावून आणली नाही, कुणी देवळाची भिंत फोडून काढली नाही. उलट शाहाच्या राज्यात राहून त्याने मारलेल्या राणीचं शरीर जपणं हे धोक्याचं काम होतं. परत देण्याच्या वादातला सगळ्यात धारदार मुद्दा, ‘हा चोरीचा माल आहे’, हा या प्रकरणात चालतच नाही. मला हे प्रकरण मोलाचं वाटतं ते यामुळेच.

टेकडी

जुन्या गोव्याला बॉम जीझस चर्चपासून वर जाणारा रस्ता धरला की मोंते सांतोवर, म्हणजे पवित्र टेकडीवर, चिऱ्याचा एक मनोरा दिसतो. उंची सुमारे ४६ मीटर. मनोऱ्याची एक बाजू उभी आहे, बाकीची नाही. ऑगस्टिनियन पाद्री गोव्यात आले १५७२ मध्ये. हे मोठं चर्च १६०२ च्या सुमारास पुरं झालं. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक पंथांचे मठ बंद केले आणि ही वास्तू रिकामी पडली. १८४२ मध्ये छताची कमान आतल्या आत कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला. पणजीच्या पायऱ्यांच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, जी मोठी घंटा वाजते ती मूळ याच मनोऱ्यातली.

मुलांना घेऊन मी तिथे शक्यतो सप्टेंबरात जाते. पाऊस ओसरलेला असतो, चिरे अजून ओले आणि काळसर असतात, सांध्यांतून नेचे आलेले असतात. चर्चच्या फरशीत थडग्यांचे दगड बसवलेले आहेत, त्यांवर घराण्यांची चिन्हं आणि लॅटिन अक्षरं. मुलं आधी त्यांवरून उड्या मारत जातात. हे कशाचे दगड आहेत ते कळलं की बाजूने चालायला लागतात, कुणी सांगावं लागत नाही.

राणीच्या अवशेषांचा ठावठिकाणा जुन्या पोर्तुगीज कागदांत नोंदलेला होता : मठाच्या चॅप्टर चॅपेलमध्ये, म्हणजे पाद्र्यांची बैठक जिथे भरे त्या चॅपेलमध्ये, एपिस्टलच्या बाजूच्या दुसऱ्या खिडकीत, दगडी पेटीत. एपिस्टलची बाजू म्हणजे वेदीकडे तोंड करून उभं राहिल्यावर उजवा हात. पत्ता एवढा पक्का की टपालवाल्यालाही सापडावा. पण चॅपेलच ढिगाऱ्याखाली गेलं तर उजवा हात कुठला? भिंत पडल्यावर दुसरी खिडकी कुठून मोजायची? १९८९ पासून जॉर्जियातून शिष्टमंडळं येत होती, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाबरोबर शोध घेत होती आणि हात हलवत परत जात होती. आधी मठाचा आराखडा जमिनीतून वर काढावा लागला : कुठली खोली कशासाठी होती, वेदी कुठे होती, खिडक्यांचे तळ कुठे. २००४ च्या सुमारास, निझामुद्दीन ताहेर गोव्यात पुरातत्त्व सर्वेक्षणाचं काम बघत असताना, त्या जागी अस्थी आणि फुटलेल्या दगडी पेटीचे तुकडे मिळाले.

हाडाला नाव लिहिलेलं नसतं. त्या चॅपेलमध्ये पाद्र्यांच्याही अस्थी होत्या. म्हणून नमुने हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात गेले. तिथे मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासला. हा डीएनए फक्त आईकडून मुलाला येतो, त्यामुळे त्याच्यावरून आईकडची वंशरेषा कळते. एका नमुन्यात ‘यू१बी’ हा गट निघाला. २२ हजारांहून अधिक भारतीय नमुन्यांत तो एकदाही आढळलेला नव्हता. जॉर्जियातल्या ३० जणांत मात्र दोघांत सापडला. तिथल्याच आणखी दोन अस्थींचे गट भारतात आढळणारे निघाले. हे निष्कर्ष २०१४ मध्ये शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झाले.

मुलांना वाटतं, झालं, सिद्ध झालं. मी त्यांना थांबवते. डीएनएने एवढंच सांगितलं की ही व्यक्ती आईकडून त्या भागातली असावी. केतेवान हे नाव सांगितलं कागदाने. जागा सांगितली खिडकीने. पेटी सांगितली दगडाने. चारही गोष्टी एकाच ठिकाणी येऊन भेटल्या म्हणून दावा उभा राहिला; यातली एक जरी नसती तरी मी तो मान्य करायला कचरले असते. याच्या शेजारी आपली वाघनखं ठेवून बघा. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून ती साताऱ्याला आली तेव्हा केवढा जल्लोष झाला. पण अफजलखानाच्या वेळी महाराजांनी वापरली ती हीच, याची खात्री देता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. भावना खरी असते, तिच्यासाठी पुरावाही तेवढाच खरा मागायला हवा. जॉर्जियाच्या लोकांनी तो मागितला, त्यासाठी पंधरा वर्षं ढिगारे उपसले जाण्याची वाट पाहिली, हे मला फार आवडतं.

कायदा

आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा सोडून कुणालाही देशाबाहेर नेता येत नाही. मूर्तिचोरांना आवर घालायला हा कायदा झाला आणि परदेशांतून मूर्ती परत मागताना आपण याच कायद्याचा आधार घेतो. तोच कायदा केतेवानच्या वाटेत उभा होता. ती भारतीय नव्हती, भारतात मेली नव्हती, पण शंभर वर्षांहून जुनी होती आणि संरक्षित स्मारकात सापडली होती. म्हणजे कायद्याच्या भाषेत ती भारताची पुरावस्तू.

ब्रिटिश संग्रहालयंही हेच सांगतात. ब्रिटिश म्युझियम १९६३ च्या कायद्याकडे बोट दाखवतं, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट १९८३ च्या : आमची इच्छा असली तरी कायदा आम्हाला वस्तू कायमची देऊ देत नाही. वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर आली ती यामुळे. फरक एवढाच की आपल्या कायद्यात केंद्र सरकारसाठी दार उघडं ठेवलेलं आहे आणि सरकारने ते वापरलं. कायदा आड येतो म्हणणाऱ्या प्रत्येकाला विचारायला हवं की तो कायदा बदलणं कुणाच्या हाती आहे.

गोव्याची इथे एक वेगळी अडचण आहे. भारतीय कायदे आमच्याकडे लागू झाले १९ डिसेंबर १९६१ नंतर. त्याआधीच्या साडेचारशे वर्षांत गोव्यातून जे लिस्बनला गेलं ते त्या वेळच्या सत्तेच्या दृष्टीने देशातल्या देशात हललं. लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात गोव्यात घडवलेल्या मौल्यवान वस्तू आहेत. आमच्या कारागिरांच्या हातच्या, पण पोर्तुगीज चर्चसाठी, पोर्तुगीज पैशाने. त्या कुणाच्या? मला याचं उत्तर सोपं वाटत नाही, आणि त्या सरसकट परत मागाव्यात असंही वाटत नाही. मात्र एक उदाहरण निर्विवाद होतं. १९६१ मध्ये मुक्तीच्या तोंडावर बँको नासिओनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेने गोवेकरांचे गहाण ठेवलेले सोन्याचे दागिने लिस्बनला नेले. ते परत यायला १९९१ उजाडलं. तीस वर्षं. दागिने ज्यांनी गहाण टाकले त्यांतली कितीतरी माणसं तोवर गेली होती. आमच्या शेजारच्या वाड्यावरच्या एका आजींनी परत आलेल्या पाटल्या हातात घेऊन पाहिल्या आणि सुनेकडे दिल्या. त्यांच्या मनगटावर त्या आता चढत नव्हत्या. उशीर हीसुद्धा एक प्रकारची नाकबुली असते, हे मी त्या दिवशी शिकले.

उसने, मग भेट

केतेवानच्या बाबतीत भारताने आधी मधला मार्ग काढला. सप्टेंबर २०१७ मध्ये अस्थी सहा महिन्यांसाठी जॉर्जियाला पाठवल्या. तिबिलिसीत ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख धर्मगुरू इलिया दुसरे यांनी त्या स्वीकारल्या. मुदत आणखी सहा महिने वाढवली. २०१८ च्या सप्टेंबरअखेर ती संपली, अस्थी भारतात परत आल्या. मग २०२१ मध्ये एक भाग कायमचा दिला गेला.

ते एक वर्ष मला फार बोलकं वाटतं. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस असिसीच्या मठात पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संग्रहालय आहे. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयांची चित्रं आहेत, पणजीच्या चौकातून काढून आणलेला आल्बुकर्कचा पुतळा आहे, वीरगळ आहेत, देवळांतल्या मूर्ती आहेत. तशा दालनात चारशे वर्षांपूर्वीचं एक हाड म्हणजे आणखी एक वस्तू. आपण काचेपुढे उभे राहणार, पाटी वाचणार, ‘अरे बापरे’ म्हणणार आणि पुढच्या दालनात जाणार. त्यात गैर काही नाही, संग्रहालय त्यासाठीच असतं. पण तेच हाड जॉर्जियात गेलं की त्यापुढे मेणबत्ती लागते, प्रार्थना होते, लोक ते बघायला नव्हे तर तिला भेटायला येतात.

वर्गात मी भाषेवर लक्ष ठेवून असते. पहिल्या तासाला सगळी मुलं ‘ते अवशेष’, ‘ती वस्तू’ असं बोलतात. चौथ्या तासाला, कुणी न सांगता, ‘तिला द्यायला हवं होतं’, ‘तिला इतकी वर्षं का ठेवलं’ असं सुरू होतं. गेल्या वर्षी वेर्ण्याहून येणाऱ्या एका मुलीने उत्तरात लिहिलं, ‘मग तिला माहेरी पाठवण्यात आलं.’ इतिहासाच्या पेपरात हा शब्द बसत नाही. मी तो तसाच राहू दिला.

एकच भाग देण्याची कल्पना काहींना तडजोडीची वाटते. मूर्ती अर्धी करून देता येत नाही, हे खरं. संतांच्या अस्थींची रीत वेगळी आहे आणि गोव्याला ती ठाऊक आहे. १६१४ मध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचा उजवा हात जुन्या गोव्यातून रोमला गेला आणि जेसूच्या चर्चमध्ये आहे. म्हणून गोंयचो सायब कमी झाला असं कुणी भाविक म्हणत नाही. बौद्ध परंपरेतही असंच. सांचीच्या स्तूपातून इंग्रजांनी उकरलेले, बुद्धाचे शिष्य सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांचे अवशेष व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने परत केले आणि १९५२ मध्ये ते सांचीला पुन्हा प्रतिष्ठित झाले. परत देण्याच्या वादात ‘सगळं किंवा काहीच नाही’ ही भाषा संग्रहालयांची आहे. श्रद्धेच्या जगात वाटून घेणं जुनंच आहे.

‘आम्ही जपलं’

परत न देण्यासाठी एक कारण हमखास सांगितलं जातं : आमच्याकडे होतं म्हणून टिकलं. इथे ते आपल्याला सांगता येत नाही. छत पडलं, भिंत पडली, पेटी फुटली, हाडं चिऱ्यांच्या राडारोड्यात मिसळली. १८४२ पासून शोध लागेपर्यंत गोव्याने केतेवानला जपलं नाही, विसरलं. जपलं ते कागदांनी, आणि ज्यांनी तिला आई मानलं त्या दूरच्या लोकांनी. पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिला शोधलं, प्रयोगशाळेने ओळखलं, हे मात्र पूर्णपणे इथलं श्रेय आणि ते मोठं आहे. पण शोधणारा मालक होत नाही. रस्त्यात सापडलेलं मंगळसूत्र जिचं तिला देतो, तेव्हा शोधायला कष्ट पडले म्हणून आपण अर्धे मणी ठेवत नाही.

माझी तक्रार एका गोष्टीबद्दल आहे. सरकारी भाषेत हे दान ‘भेट’ ठरलं. भेट आपलं असेल ते देतात. मैत्रीच्या राजकारणात तो शब्द सोयीचा असेल, पण माझ्या मते इथे ‘परत’ हा शब्द बरोबर होता, आणि तो वापरला असता तर उद्या लंडनसमोर, न्यूयॉर्कसमोर आपलाच शब्द वजनदार झाला असता. दुसरी खंत गोव्याची. कायद्याने गोव्याला विचारण्याची गरज नव्हती, सगळं केंद्राच्या अखत्यारीतलं. तरी चारशे वर्षं जी इथल्या मातीत होती तिला निरोप देताना जुन्या गोव्याच्या गावाने, इथल्या शाळांनी, त्या टेकडीवर जमून चार फुलं वाहिली असती तर मला बरं वाटलं असतं.

नदीपलीकडे

गोव्याच्या हिंदू घरांना मूळ जागेपासून तुटणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टीतली देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी देव उचलले आणि नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, आणले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. आज ते देव इथलेच आहेत. जत्रा इथे, पालखी इथे, कुळावी, म्हणजे त्यांना कुलदैवत मानणारी घराणी, देशभरातून इथे येतात. मंगेशाला परत कुठ्ठाळीला न्या असं कुणी म्हणालं तर मीच पहिली विरोध करीन. मूळ स्थान हा एकटाच निकष धरला तर आमचे देवसुद्धा परक्या जागेत ठरतील.

पण वेर्ण्यात जुन्या जागेवर म्हाळसेचं नवं देऊळ उभं राहिलं तेव्हा माझी आजी म्हार्दोळची असूनही तिथे गेली. तिने गाभाऱ्यात नमस्कार केला, मग बाहेर येऊन जमिनीला हात लावला. मी विचारलं, आपली म्हाळसा तर म्हार्दोळला आहे ना? ती म्हणाली, “देव गेलो तरी जागो उरता, बाय.”

कुठली वस्तू परत द्यायची हे ठरवताना मी दोन गोष्टी बघते : ती गेली कशी, आणि आज तिच्याशी कुणाचं जिवंत नातं आहे. मंगेशाचं जिवंत नातं प्रियोळशी आहे, म्हणून तो प्रियोळला. केतेवानचं गोव्यात असं कुणी उरलेलं नव्हतं. पाद्री १८३५ मध्ये गेले. तिकडे मात्र एक अख्खा देश तिचं नाव घेत होता.

दरवर्षी शेवटच्या तासाला एखादं मूल विचारतंच : टीचर, उरलेला भागही त्यांनी मागितला तर? मी सांगते, द्यावा. वर्गात मग गलका होतो, निम्मी मुलं रागावतात, आपल्याकडे काय राहणार म्हणतात. मी त्यांना पुन्हा टेकडीवर नेते आणि चॅपेलमध्ये वेदीच्या जागेकडे तोंड करून उभं करते. उजव्या हाताच्या खिडक्या त्यांना स्वतः मोजायला सांगते. एक. दोन.